‘२० टक्के इक्विटी झाली की एफएचएचा विमा सुटतो’: नाही, सुटत नाही

अमेरिकेत पहिलं घर घेणाऱ्याला एक सल्ला हमखास मिळतो: ‘एफएचए लोन (सरकारी फेडरल हाऊसिंग अॅडमिनिस्ट्रेशनने विमा उतरवलेलं गृहकर्ज) घ्या. साडेतीन टक्के डाऊन पेमेंट, विम्याचे थोडे पैसे, आणि २० टक्के इक्विटी (घराच्या किमतीतला कर्ज वगळून तुमचा हिस्सा) झाली की विमा आपोआप बंद. हप्ता चुकलाच तर विमा आहेच. व्हीए (सैनिक-माजी सैनिकांसाठीचं) किंवा यूएसडीए (ग्रामीण भागासाठीचं) सरकारी कर्ज मिळालं तर विमाच नाही.’ यातलं साडेतीन टक्के खरं, तेही क्रेडिट स्कोअर निदान ५८० असेल तर, आणि व्हीएचं अर्धं खरं.

विमा आपोआप बंद होतो तो कन्व्हेन्शनल (सरकारी योजनेबाहेरच्या नेहमीच्या) लोनवरचा, म्हणजे पीएमआय, खासगी मॉर्गेज इन्शुरन्स. १९९८ च्या कायद्यामुळे कर्जाची शिल्लक घराच्या मूळ किमतीच्या ८० टक्क्यांवर आली की विमा काढून टाकायला अर्ज करता येतो आणि ७८ टक्क्यांना तो निघतोच. एफएचएला हा कायदा लागू नाही. त्यांचा स्वतःचा ७८ टक्क्यांचा नियम होता, पण ३ जून २०१३ पासून केस नंबर (एफएचए प्रत्येक अर्जाला देते तो क्रमांक) मिळालेल्या कर्जांना तो उरला नाही. आता फक्त सुरुवातीचं डाऊन पेमेंट बघतात. १० टक्के किंवा जास्त भरलं असेल तर विमा ११ वर्षांनी थांबतो, कमी भरलं असेल तर कर्ज फिटेपर्यंत चालतो. मधल्या काळात घराची किंमत दुप्पट झाली तरी यात बदल नाही.

‘थोडे पैसे’ म्हणजे किती, हे मांडूनच बघा. घर ४ लाख डॉलरचं, डाऊन पेमेंट १४,०००, कर्ज ३,८६,०००. त्यावर १.७५ टक्के अपफ्रंट (सुरुवातीचा एकरकमी) प्रीमियम, म्हणजे ६,७५५ डॉलर. तो बहुतेक जण कर्जातच मिळवतात, त्यामुळे ३० वर्षं त्यावरही व्याज भरतात. शिवाय वार्षिक ०.५५ टक्के, महिन्याला साधारण १७५ डॉलर. (मार्च २०२३ पर्यंत हा दर ०.८५ होता. जुने आकडे अजून फिरतात.) याच घराला ४०,००० भरले तर दर ०.५० होतो, महिन्याला सुमारे १५० डॉलर, आणि ११ वर्षांनी शून्य. ७–८ टक्क्यांपर्यंत पैसे जमले असतील तर १० गाठायला थोडं थांबणं आमच्या मते बहुतेकदा फायद्याचं.

हप्ता चुकला तर हा विमा तुमचा हप्ता भरत नाही. घर जप्त होऊन तोटा झाला तर भरपाई कर्ज देणाऱ्याला मिळते. प्रीमियम तुमचा, संरक्षण त्याचं.

व्हीएला मासिक विमा नाही हे खरं, पण फंडिंग फी आहे: डाऊन पेमेंट न भरता पहिल्यांदा घेतलं तर २.१५ टक्के, पुढच्या वेळी ३.३. सैन्यसेवेमुळे आलेल्या अपंगत्वाची भरपाई मिळणाऱ्यांना ती माफ असते. यूएसडीएला १ टक्का सुरुवातीला आणि दरवर्षी ०.३५ टक्के, कर्ज असेपर्यंत.

एफएचएचा विमा मुदतीआधी सोडवायचा तर घर विकणं, कर्ज फेडून टाकणं किंवा कन्व्हेन्शनलमध्ये रिफायनान्स (नवं कर्ज घेऊन जुनं फेडणं), हेच मार्ग. रिफायनान्स करताना शिल्लक घराच्या आजच्या किमतीच्या ८० टक्क्यांच्या आत हवी, नाहीतर पीएमआय मागे लागतो. व्याजदरही तपासा. ३,७०,००० शिल्लक असताना दर एका टक्क्याने वाढला तर वर्षाला सुमारे ३,७०० डॉलर जास्त जातात आणि विम्याचे वाचतात २,०३५. अपफ्रंट प्रीमियमचा काही भाग परत मिळतो, पण फक्त तीन वर्षांच्या आत पुन्हा एफएचएमध्येच रिफायनान्स केलं तर, आणि तोही नव्या प्रीमियममध्ये वळता होतो.

स्कोअर ७४० च्या वर असेल तर आधी पीएमआयचा भाव विचारा. स्कोअर जास्त तसा पीएमआयचा भाव कमी होतो, एफएचएचा दर स्कोअर बघत नाही. कमी स्कोअरवाल्याला मात्र एफएचए खरोखर स्वस्त पडू शकतं. आपल्या लोकांसाठी महत्त्वाचं: २५ मे २०२५ पासून एच-१बीसारख्या तात्पुरत्या व्हिसावर असणाऱ्यांना नवं एफएचए कर्ज मिळत नाही. ग्रीन कार्ड किंवा नागरिकत्व लागतं.

अर्ज केल्यावर तीन कामकाजी दिवसांत लोन एस्टिमेट, म्हणजे कर्जाच्या खर्चाचा लेखी अंदाज मिळतो. त्याच्या पहिल्या पानावर ‘प्रोजेक्टेड पेमेंट्स’चा तक्ता असतो. त्यात ‘मॉर्गेज इन्शुरन्स’ची ओळ शोधा. वर ‘इयर्स १–३०’ असा एकच रकाना असेल तर विमा शेवटपर्यंत आहे. ‘इयर्स १–११’ आणि ‘इयर्स १२–३०’ असे दोन रकाने असतील आणि दुसऱ्यात त्या ओळीत रक्कम नसेल तर तो ११ वर्षांनी सुटेल. अपफ्रंटची रक्कम दुसऱ्या पानावर ‘बी’ विभागात असते.