ग्रॉसवर की नेटवर

गेला आठवडाभर आमच्या मुंबईच्या मंडळीच्या, म्हणजे चर्चच्या, व्हॉट्सॅप ग्रुपवर एकच रणधुमाळी चालू आहे. दशांश, म्हणजे कमाईचा दहावा हिस्सा चर्चला, द्यायचा तो ग्रॉस पगारावर की हातात पडतो त्यावर, पीएफ कापायच्या आधी की नंतर, आणि ज्यांचं घराचं लोन आहे त्यांनी हप्ता वजा करायचा की नाही. मी इथे जर्मनीत साडेसहाच्या एस-बानमध्ये (इथली लोकल) बसतो तेव्हा तिकडे मुंबईत दहा वाजलेले असतात, फोन उघडला की ऐंशी-नव्वद मेसेज, मध्येच कोणाचं तरी फुलांचं गुड मॉर्निंग आणि परत बायबलमधलं दशांशाचं वचन, मलाखी तिसरा अध्याय, दहावं वचन.

निमित्त झालं क्यूआर कोडचं. कमिटीने प्रत्येक बाकाच्या पाठीवर एक लॅमिनेट केलेला कोड चिकटवलाय आणि खाली सूचना लिहिलीय की पैसे पाठवताना रिमार्कमध्ये कुटुंब नंबर टाकावा. म्हणजे कोणी किती टाकले ते खजिनदारांच्या फोनवर टिंग टिंग करत येणार. थैली फिरायची तेव्हा मूठ बंद करून आत घातली की संपलं, शंभराची नोट की पाचचं नाणं ते तुमच्यात आणि देवात. (नाण्याचा आवाज यायचा हे खरं आहे, त्यासाठी बाबा आम्हाला नाणं थैलीच्या तळाशी नेऊन सोडायला सांगायचे.)

मी एवढंच लिहिलं की उजवा हात काय करतो ते डाव्याला कळू नये असं आपण संडे स्कूलला शिकलो आणि आता अख्ख्या कमिटीला कळणार. त्यावर एका काकांचं उत्तर: "जर्मनीत बसून शहाणपण शिकवणाऱ्यांनी आधी आपला दशांश दाखवावा. जय ख्रिस्त." पुढे जोडलेले हात तीन वेळा. अकरा जणांनी अंगठा दिला, त्यात माझा सख्खा मामेभाऊ.

दशांश दाखवावा म्हणे. ठीक आहे, मग ऐकाच.

मी 2014 ला श्टुटगार्टला आलो. (मुंबई आणि हे गाव 1968 पासून सिस्टर सिटी आहेत, इथे कोणाला सांगितलं तर ते नुसते अच्छा म्हणतात, मुंबईत तर कोणाला माहीतच नाही.) बुर्गरबुरोमध्ये (इथलं वॉर्ड ऑफिस) पत्ता नोंदवताना फॉर्मवर धर्माचा रकाना होता, मी अभिमानाने प्रोटेस्टंट लिहिलं, आपल्याकडे शाळेच्या दाखल्यावर लिहितात तसं. पहिली सॅलरी स्लिप आली तेव्हा खाली एक ओळ, किर्खनश्टॉयर, म्हणजे चर्चचा कर, 71 युरो 40 सेंट. ऑफिसमधला जर्मन मित्र हसून म्हणाला, तूच सांगितलंस ना चर्चचा आहेस म्हणून. या राज्यात आणि बव्हेरियात इनकम टॅक्सच्या 8 टक्के, बाकी जर्मनीत 9. पगारातूनच कापलं जातं आणि टॅक्स खातं ते चर्चला पोचवतं, 1919 च्या राज्यघटनेतली तरतूद, 1949 मध्ये जशीच्या तशी पुढे घेतली. थैली नाही, नाव लिहिलेलं महिन्याचं पाकीट नाही, ग्रॉस की नेट हा प्रश्नच नाही, तो प्रश्न फिनान्सआम्टने (टॅक्स ऑफिसने) आधीच सोडवलेला.

सुरुवातीला मला हे फार ग्रेट वाटलं, लपवणार नाही. घरी फोनवर सांगायचो, इथे कसं सगळं सिस्टिमॅटिक आहे, पाळकांचा (पास्टरांचा) पगार कधी थकत नाही, छत गळत नाही, ऑर्गन दरवर्षी ट्यून होतो. आपल्याकडे मान्सूनच्या आधी ताडपत्रीसाठी दोन रविवार खास अर्पण काढावं लागतं. हे सांगताना माझा आवाज जरा वरचा लागायचा असं बायको म्हणते.

पण ते सगळं छत, ऑर्गन ठीक आहे, आत माणसं कुठेत? आमच्या भागातल्या चर्चमध्ये रविवारी मोजून पंचवीस-तीस, त्यात मी सगळ्यात तरुण, आणि मी चव्वेचाळीस वर्षांचा आहे. वर्षाला कॅथलिक आणि प्रोटेस्टंट दोन्ही चर्चेसना मिळून 12-13 अब्ज युरोच्या आसपास कर येतो आणि लोक मात्र रांगेने बाहेर पडतायत, 2022 या एका वर्षात 5 लाख 20 हजारांहून जास्त कॅथलिक बाहेर पडले, प्रोटेस्टंट वेगळे. म्हणून मी म्हणतो की जे कापलं जातं ते दान नव्हे, ते वीजबिल. बायबलमध्ये पौलाने करिंथकरांना हेच लिहिलं होतं की प्रत्येकाने मनात ठरवलं असेल तसं द्यावं, भाग पडतं म्हणून नको. बाकावरचा क्यूआर कोड आणि रिमार्कमधला कुटुंब नंबर हा त्याच रस्त्यावरचा पहिला स्टॉप आहे, हे माझं मत मी ग्रुपवर व्यवस्थित तीन पॅरात मांडलं.

मामेभावाने एका ओळीत उत्तर दिलं. येशूसुद्धा भांडारासमोर बसून लोक काय टाकतात ते बघतच होता की, म्हणून तर त्या गरीब विधवेने टाकलेल्या दोन टोल्या, अगदी बारकी नाणी, आपल्याला माहीत, मग खजिनदारांनी बघितलं तर तुझं काय गेलं?

याला माझ्याकडे अजून उत्तर नाही. या आठवड्यात जिन्याची केहरवोखे, म्हणजे झाडायची पाळी, माझी होती, झाडू मारताना पण तेच डोक्यात.

आपल्या लोकांना देण्याची सवय उशिरा लागली असं बाबा म्हणायचे. अमेरिकन मराठी मिशन 1813 ला मुंबईत आलं, त्यानंतर कितीतरी पिढ्या शाळा मिशनची, दवाखाना मिशनचा, उपदेशकाचा पगार मिशनचा, काही लागलं तर साहेब अमेरिकेतल्या मिशन बोर्डाला पत्र लिहिणार. घेणाऱ्याचा हात पालथा व्हायला वेळ लागतो. आणि दुसरीकडे मिझोराम बघा, तिथे बायका रोज स्वयंपाकाच्या तांदळातून एक मूठ चर्चसाठी बाजूला काढतात, त्या मुठींवर तिथलं चर्च उभं राहिलं, कुठला बोर्ड न् कुठलं काय. तिथे कोणी विचारत नाही की मूठ भात शिजायच्या आधी की नंतर.

आमच्याकडेही एक दिवस असायचा त्या तोडीचा, हंगामाचा सण. भायखळ्याच्या पट्ट्यात कोणाचं शेत असणार, तरी लोक भाजी मार्केटमधून दुधी, नारळ, ऊस, कोणी गावाहून ज्वारीची कणसं आणायचं आणि उपासनेनंतर कंपाउंडमध्ये लिलाव. एका वर्षी नगरहून आलेल्या कोणीतरी जिवंत कोंबडी आणली. परळ वर्कशॉपमधल्या एका फिटर मामांनी ती ऐंशी रुपयांना घेतली आणि परत टेबलावर ठेवली, पुन्हा लावा बोली म्हणाले. दुसऱ्याने घेतली, त्यानेही परत दिली. ती कोंबडी त्या दिवशी चार वेळा विकली गेली आणि शेवटी पाय बांधलेली तशीच पाळकांच्या मिसेसकडे गेली, आणि त्यांनी ती मारली नाही, महिनाभर पार्सोनेजच्या (पाळकांच्या घराच्या) दारात फिरत होती. त्या मामांचा पगार किती, ग्रॉस किती, नेट किती? इथे हंगामाच्या सणाला वेदीसमोर भोपळे आणि सफरचंदं इतकी सुंदर मांडतात की फोटो काढावा, सोमवारी ते सगळं टाफेलला, गरजूंना अन्न वाटणाऱ्या संस्थेला, जातं. हे चांगलंच आहे. पण हसतं कोणी नाही.

बरं. काकांनी जे विचारलं ते राहिलंच.

2017 मध्ये घर घेतलं, हप्ता सुरू झाला, आणि एका मंगळवारी लंच ब्रेकमध्ये श्टांडेसआम्टला (नोंदणी कार्यालयात) जाऊन मी चर्चमधून नाव काढलं. पासपोर्ट दाखवा, सही करा, फी भरा, दहा मिनिटं. बाईने विचारलंसुद्धा नाही का म्हणून. मनाशी ठरवलं होतं की हे वाचलेले पैसे दर महिन्याला मुंबईच्या मंडळीला पाठवायचे, त्यांना जास्त गरज आहे, डावरऑफट्राग, म्हणजे बँकेत दरमहा आपोआप पैसे जायची सूचना, लावून टाकू. तो लावला नाही. पहिले दोन महिने विसरलो आणि मग आठवत होतं तरी लावला नाही. तसंही ते ग्रॉसच्या दोन टक्केसुद्धा नव्हते. तर हा माझा दशांश. आईला अजून माहीत नाही की इथल्या कागदावर मी कुठल्याच चर्चचा नाही, आणि रविवारी मी ज्या बाकावर बसतो तिथे मी पाहुणाच आहे.

काकांचा मेसेज लागला म्हणून (हो, लागला) परवा खजिनदारांना फोन केला, म्हटलं अकाउंट नंबर द्या, आठ वर्षांचं एकदम पाठवतो. ते थोडं थांबले, मग विचारलं, पासपोर्ट कुठला तुझा आता? मी म्हटलं, जर्मन, दोन वर्षं झाली. म्हणाले, मग नाही घेता येणार रे बाबा. भारतीय पासपोर्ट होता तोवर तू एनआरआय, तुझी बचत म्हणजे आपलेच पैसे. आता तू एफसीआरएमध्ये, परदेशी देणग्यांच्या कायद्यात, फॉरेन सोर्स. त्याला रजिस्ट्रेशन लागतं, दिल्लीच्या स्टेट बँकेत वेगळं खातं लागतं, आपल्या एवढ्याशा मंडळीकडे कुठून असणार. तू इथे येऊन रोख दिलेस तरी तेच.

म्हणजे देता येत होतं तेव्हा दिलं नाही आणि आता मी अर्ज भरून, म्युनिकच्या भारतीय कॉन्सुलेटला जुना पासपोर्ट जमा करून, रीतसर परदेशी देणगीदार झालोय.

"पण तुझं थकलेलं काही नाही," खजिनदार म्हणाले. "रजिस्टरमध्ये एकही महिना कोरा नाही. ग्रुपवर टाकू का फोटो? त्यांची तोंडं बंद होतील."

मी नको म्हटलं आणि आईला फोन लावला. ती म्हणाली, तुझं महिन्याचं पाकीट मीच टाकते ना, तू गेल्यापासून. बाबांच्या पेन्शनमधून, आधी पन्नास, आता शंभर. स्वतःचं वेगळं. कांजूरहून स्लो लोकल पकडून जाते, पर्समध्ये दोन पाकिटं, एकावर तिचं नाव, एकावर माझं, तिच्या गोल गोल अक्षरात. क्यूआर कोड तिला जमत नाही आणि शिकायचाही नाहीये.

मी विचारलं, आई, पेन्शनवर दशांश कसा काढतेस गं, ग्रॉसवर की नेटवर? ती म्हणाली, म्हणजे काय, आणि गॅसवर दूध आहे म्हणून फोन ठेवला.