पोराचं हमीपत्र आहे, मंग सातबारा कशाले?

गावातलं एक जोडपं लेकाकडे जर्मनीला जायचं म्हणतंय. त्यांची फाईल सेतू केंद्रात आली आणि संध्याकाळी पानठेल्यावर वादाला विषय मिळाला.

ट्रॅक्टरवाला म्हणाला, "पोरगं तिकडं कमावते, हमीपत्र पाठवून राहिलं. मंग मायबापाचा सातबारा, आठ-अ कशाले पायजे? जमीन का तिकडं विकाची आहे?"

"हमीपत्र खर्चाचं असते गा," सेतूवाला म्हणाला. "पोरगा तिथल्या परदेशी नागरिकांच्या कार्यालयात पगाराचे कागद दाखवते अन् सही करते. राह्याचा, खाण्याचा, दवाखान्याचा खर्च मी भरीन, एवढंच त्यात असते. बुढा-बुढी वापस येतीन, हे कुठं लिहिलं आहे? व्हिसा देणाऱ्याले खरी शंका तीच असते. गावात जमीन आहे, घर आहे, हंगाम आहे, हे दाखवाले सातबारा. अन् हमीपत्राची मूळ प्रत लागते, सहा महिन्यांच्या आतली. व्हाट्सॲपवरची नाही चालत."

मास्तरांनी भर घातली की सातबारा मराठीत असतो, सोबत इंग्रजी भाषांतर लावावं लागतं. जमीन अजून वडिलांच्याच नावावर असेल, वारस फेरफार झाला नसेल, तर आधी तलाठ्याकडे जा. हे काम आठवड्यात होत नाही.

मग पैशावर गाडी आली. ट्रॅक्टरवाल्याचा तोडगा तयार होता, "कोणाकडून पाच-सहा लाख घ्याचे, खात्यात टाकाचे, काम झालं की वापस."

"तेच नको करू," मास्तर एकदम म्हणाले. "वर्षभर खात्यात दोन-चार हजार अन् अर्जाच्या आधल्या आठवड्यात सहा लाख! ते आंधळ्यालेही दिसते. आपला पैसा तसाही एकदमच येते, कापूस-सोयाबीन विकलं की. ते लपवाचं काम नाही. सीसीआयची (कापूस महामंडळाची) पावती, बाजार समितीची काटापट्टी त्या एंट्रीसंग जोडाची. शेतीच्या उत्पन्नावर आयकर नाही म्हणून रिटर्न भरलं नाही, हे एका साध्या पत्रात लिहाचं. तहसीलचा उत्पन्नाचा दाखला लावाचा. खोट्या पैशापेक्षा खरी काटापट्टी बरी."

इथे ट्रॅक्टरवाला गप्प बसला. दोन मिनिटं.

नावाचा घोळ मात्र सगळ्यांनाच माहीत. आधारवर 'महादेवराव', टीसीवर 'महादेव', सातबाऱ्यावर 'महादेव' आणि पुढे बापाच्या नावाला 'जी'. मायचं आधारवर सासरचं नाव, बँकेत माहेरचं. सेतूवाल्याचं म्हणणं, पासपोर्टचा अर्ज भरण्याआधी आधार, पॅन, पासबुक एका ओळीत आणा, कारण पासपोर्टवर जे छापलं तेच पुढे तिकिटावर, विम्यावर, व्हिसावर जातं. आडनावाचा रकाना रिकामा सोडू नका. एकच नाव असलेल्या पासपोर्टवर दुबईसारख्या ठिकाणी २०२२ पासून व्हिजिट व्हिसा मिळत नाही. पोलीस पडताळणीच्या वेळी माणूस पत्त्यावर नसेल तर शेरा उलटा जातो. कापूस वेचणीत घराला कुलूप असतं, म्हणून मोबाईल सुरू ठेवावा.

"मायच्या पासपोर्टवर ईसीआर आलं तर?" ठेलेवाल्यानं सुपारी कातरता कातरता विचारलं. "दहावी पास नाही ती."

"येऊ दे," सेतूवाला म्हणाला. "ईसीआर म्हणजे जायच्या आधी सरकारी परवानगी घ्या असा शेरा, तो नोकरीले जाणाऱ्यासाठी अन् तेही १८ देशांपुरता, आखातातले अन् आणखी काही. लेकाले भेटाले जर्मनीत जाणाऱ्याले त्याचा काही अडथळा नाही."

पासपोर्ट दहा वर्षांच्या आत काढलेला, परतीच्या तारखेनंतर किमान तीन महिने चालणारा, दोन पानं कोरी. व्हिसाचा अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून, उशिरात उशिरा १५ दिवस आधी. शेवटच्या १५ दिवसांवर विसंबणाऱ्याला मास्तर सरळ खुळा म्हणतात. फी ९० युरो, व्हिसा नाकारला तरी वापस नाही. म्हणून तिकिटाचं फक्त आरक्षण दाखवायचं, पक्कं तिकीट व्हिसा आल्यावर.

सगळ्यात जास्त तोंडं विम्यावर वाजली. ट्रॅक्टरवाल्याला सगळ्यात स्वस्त पॉलिसी हवी, व्हिसापुरती. नियम एवढाच की किमान ३०,००० युरोचं संरक्षण, सगळे शेंगेन देश (एकाच व्हिसावर फिरता येणारे जर्मनीसारखे युरोपातले देश) आणि राहण्याचे सगळे दिवस. स्वस्तातली पॉलिसीही त्यात बसते.

"व्हिसा तर निघीन," सेतूवाला म्हणाला, "पण बुढ्याले शुगर हाय, बीपी हाय. अर्जात 'काही आजार नाही' लिहून टाकलं अन् तिथं भरती कराव लागलं, तं कंपनी जुनी फाईल मांगते अन् दावा फेटाळते. आजार लिहाचा. जुन्या आजाराचं कव्हर कितीपर्यंत, ते पॉलिसीत वाचाचं. साठीच्या वरच्याले बहुतेक ठिकाणी मर्यादा कमी असते. पहिले किती रक्कम आपल्या खिशातून जाईन, तेही पाहाचं. अन् भरती करण्याआधी पॉलिसीवरच्या मदतीच्या नंबरले फोन कराचा, पोराच्या मोबाईलमध्ये तो आधीच टाकून ठेवाचा."

गोळ्यांचं ठरलं की पुरतील तेवढ्या हँडबॅगेत, मूळ पाकिटात, डॉक्टरच्या इंग्रजी चिठ्ठीसकट. चिठ्ठीत औषधाचं मूळ नाव हवं, ब्रँड तिकडं कोणी ओळखत नाही.

मग माय लेकासाठी गावरान तूप अन् खव्याचे पेढे नेणार, हे कोणीतरी बोललं.

"नाही नेता येत," मास्तर म्हणाले. "युरोपात बाहेरून दूध, मांस अन् त्याचे पदार्थ सामानात आणाले बंदी हाय. विमानतळावर काढून फेकतीन. दुबईवरून जात असतीन तं सावजी मसालाही तपासून घ्या, खसखस तिकडं बंद हाय."

"मंग लोणचं?"

"लोणचं न्या. चेक-इनच्या बॅगेत, डबा टेपनं आवळून. हँडबॅगेत १०० मिलीच्या वर तेलातलं काही जाऊ देत नाही."