नोबेल काढ्याला नव्हतं मिळालं

"थंडी वाजतेय? चीनचा 1800 वर्षं जुना काढा घ्या. नोबेलप्राप्त. नैसर्गिक, अपाय शून्य." सोसायटीच्या ग्रुपवर हा मेसेज या महिन्यात तिसऱ्यांदा आला. खाली माहुआंग, दालचिनी, जर्दाळूची कडू बी, ज्येष्ठमध, आणि 'चार कप पाणी निम्मं होईस्तोवर उकळा'.

काढा जुना आहे, हे खरं. चीनमधल्या हान राजवटीच्या अखेरीस वैद्य झांग झोंगजिंग यांनी लिहिलेल्या 'शांगहान लुन' या वैद्यकग्रंथात तो सापडतो.

पण जुना म्हणजे सिद्ध नव्हे. सर्दीवरच्या चिनी वनौषधींच्या चाचण्या कॉक्रेन या वैद्यकीय पुरावे पडताळणाऱ्या संस्थेने तपासल्या, तर त्यांचा दर्जाच कच्चा निघाला. त्यातल्या त्यात दमदार चाचणी 2011 ची, स्वाइन फ्लूच्या 410 रुग्णांवरची. ताप उतरायला औषधाविना 26 तास, ऑसेल्टामिव्हिर या फ्लूच्या औषधाने 20, काढ्याने 16. आकडे चांगलेच आहेत. मात्र तुलनेसाठी खोटा काढा दिलेला नव्हता, त्यामुळे आपल्याला काय मिळतंय हे रुग्णांना माहीत होतं. शिवाय तो काढा बारा घटकांचा, मेसेजमधला नव्हेच.

नोबेलचं तर उलटंच आहे. 2015 मध्ये चिनी शास्त्रज्ञ तू यूयू यांना ते मिळालं हिवतापावरच्या आर्टेमिसिनिन या औषधासाठी. ते चिंगहाओ या वनस्पतीतून येतं, आणि चिंगहाओ या यादीत नाहीच! चौथ्या शतकातले चिनी वैद्य गे होंग यांनी दिलेल्या कृतीत ती वनस्पती पाण्यात भिजवून, पिळून रस प्यायला सांगितलंय. उकळण्याचा उल्लेख नाही. उष्णतेनं गुण जात असावा, असं तू यूयूंच्या डोक्यात आलं ते तिथूनच. मग 1971 मध्ये त्यांनी कमी तापमानाला ईथरमध्ये अर्क काढला, आणि तो लागू पडला. आणि मेसेज म्हणतो, उकळा.

'अपाय शून्य' सगळ्यात घातक. माहुआंग म्हणजे इफेड्रा. त्यातलं इफेड्रिन नाडी आणि रक्तदाब वाढवतं. अमेरिकेने 2004 मध्ये इफेड्राच्या पूरक गोळ्यांवर बंदी घातली. बीपीची गोळी घेणारे आजोबाही या ग्रुपवर आहेत. जर्दाळूच्या कडू बीतून सायनाइड तयार होऊ शकतं, ते वेगळंच. गंमत म्हणजे मूळ ग्रंथ मेसेजपेक्षा सावध आहे: घसा कोरडा पडलेल्याला, घोळणा फुटणाऱ्याला घाम आणू नका, असं त्यात बजावलंय, आणि हा काढा घामच आणतो.

मी ग्रुपवर एवढंच टाकलं: हुडहुडी भरून ताप आला तर आधी मलेरियासाठी रक्त तपासा. फाल्सिपेरम, म्हणजे मलेरियाचा घातक प्रकार, निघाला तर डॉक्टर देतात त्या गोळ्यांत आर्टेमिसिनिनचीच रूपं असतात, मोजून मापून.