‘पवित्र झाडं शोधणं ही ओढाताण’ : एका प्रतिक्रियेला उत्तर

मध्ययुगीन युरोपातल्या ख्रिस्ती लोककथांमधल्या झाडांवर गेल्या आठवड्यात लिहिलं होतं. त्याखाली एका वाचकाने नाव न देता लांबलचक प्रतिक्रिया टाकली आहे. मुद्दे पाच-सहा असतील, पण सगळा भर एका वाक्यावर आहे : ‘ज्या धर्माच्या संतांनी झाडांवर कुऱ्हाड चालवली, त्या धर्मात पवित्र झाडं शोधणं ही ओढाताण आहे, आणि घरबसल्या असले लेख कुणालाही पाडता येतात.’

महोदय (किंवा महोदया, कळायला मार्ग नाही), मतभेदाचं मला काहीच वाटलं नसतं. ‘पाडता येतात’ हा शब्द मात्र लागला. मी २२ वर्षं वनस्पतिशास्त्र शिकवते आहे आणि वसईच्या ख्रिस्ती घरात वाढले आहे. या विषयावर बोलण्याचा अधिकार मी कुणाकडून उसना आणलेला नाही. वाक्य जरा सभ्यपणे लिहिलं असतं, तर त्यातला मुद्दा काही हलका झाला नसता.

एक चूक मान्य करते. येशूला कबरीत ठेवणाऱ्या अरिमथाईकर योसेफाने इंग्लंडमधल्या ग्लास्टनबरीच्या टेकडीवर काठी रोवली आणि तिचा हॉथॉर्न (एक काटेरी झाड) झाला, ही कथा मी मध्ययुगात ढकलली होती. नाताळात फुलणाऱ्या त्या झाडाचा छापील उल्लेख १५२० चा आहे आणि काठीची गोष्ट त्याच्याही बरीच नंतरची. मूळ लेखात दुरुस्ती केली आहे. मात्र हॉथॉर्नचा तो वाण हिवाळ्यात आणि वसंतात असा दोनदा खरोखरच फुलतो, तेवढं कुणी रचलेलं नाही.

आता कुऱ्हाडीकडे येऊ. आठव्या शतकातला धर्मप्रचारक संत बोनिफेस याने आजच्या जर्मनीतल्या हेसे भागात, गाइस्मारला, ७२३ च्या सुमारास लोकांचा पूज्य ओक तोडला. हे मला ठाऊक नाही असं आपण गृहीत धरलंत. पण आपण गोष्ट अर्ध्यावर सोडलीत. त्याचा चरित्रकार विलिबाल्ड पुढे सांगतो, की त्याच ओकच्या लाकडातून बोनिफेसने संत पेत्राच्या नावाने प्रार्थनागृह उभारलं. लाकूड जाळलं नाही, फेकलं नाही. ज्या खोडापुढे लोक हात जोडत होते, त्याच खोडाच्या फळ्यांमध्ये येऊन त्यांनी पुन्हा हात जोडावेत अशी ती सोय होती. झाड गेलं, लाकडाचा मान राहिला. माझ्या लेखाचं म्हणणं एवढंच होतं. आपण तो शेवटपर्यंत वाचला का?

झाडांपाशी आणि झऱ्यांपाशी दिवे लावणाऱ्यांना फ्रँकांचा राजा शार्लमेन याच्या ७८९ च्या फर्मानाने तंबी दिली. ती लोकांना अडवण्यासाठी होती, हे उघड आहे. जे कुणी करतच नाही त्याला मनाई कशाला करावी लागते?

आणि दोंरेमी? फ्रान्सच्या संत जोन ऑफ आर्कच्या या गावाजवळ एक बीचचं झाड होतं. कुणी त्याला बायांचं झाड म्हणे, कुणी पऱ्यांचं. १४३१ मध्ये रुआंच्या खटल्यात न्यायाधीशांनी तिला त्याबद्दल खोदून खोदून विचारलं. ती म्हणाली, आम्ही मुली तिथे जायचो, फुलांचे हार करायचो. त्यातले काही गावातल्या मारियामातेच्या मूर्तीसाठीही असत. जवळच्या झऱ्याचं पाणी आजारी माणसं पितात असं तिने ऐकलं होतं. पुढे १४५६ च्या फेरचौकशीत गावकऱ्यांनी सांगितलं, की स्वर्गारोहणाच्या सणाच्या आदल्या दिवशी क्रूस घेऊन शेतांतून फिरताना धर्मगुरू त्या झाडाखाली शुभवर्तमान गातात. फांदीवर मुलींचे हार आणि तिच्याच खाली धर्मगुरूचं गायन! यात ओढाताण कोणाची आहे? माझी की दोंरेमीच्या लोकांची?

‘घरबसल्या’ हा शब्दही राहिलाच. २०१६ मध्ये मी इटलीतल्या आरेत्सोला गेले होते. संत फ्रान्सिसच्या चर्चमध्ये वेदीमागच्या भिंतींवर पंधराव्या शतकातला चित्रकार पिएरो देल्ला फ्रान्चेस्का याने येशूच्या क्रुसाच्या लाकडाची कथा रंगवली आहे. मान अवघडेपर्यंत मी तिथे उभी होते. मेलेल्या आदामावर त्याच्या मुलाने, शेथाने, लावलेल्या फांदीचं झाड होतं. राजा शलमोन ते तोडतो, पण लाकूड कुठेच नीट बसत नाही, म्हणून ओढ्यावर आडवं टाकतात. शबाची राणी येते, तिला कळतं की या लाकडाचा पुढे येशूचा क्रूस होणार आहे, आणि ती त्यावर पाय ठेवत नाही. चित्रात तर तिने गुडघे टेकलेत, हात जोडलेत, समोर नुसता एक ओंडका. १२६० च्या सुमारास लिहिलेल्या ‘सुवर्णकथा’ या संतकथांच्या संग्रहामधून ही गोष्ट युरोपभर पोचली होती. ओंडक्यापुढे गुडघे टेकणारी राणी चर्चच्या भिंतीवर आहे, आणि आपण मला सांगता की या धर्मात झाडाला जागा नाही.

झावळ्यांच्या रविवारी माझी आजी चर्चमधून आशीर्वादित झावळी आणायची. ओसरीवर बसून तिची एक पात उभी चिरायची, दोन घड्या, एक गाठ, की बोटभर क्रूस तयार. तो पुढे वर्षभर दाराच्या चौकटीत खोचलेला असे. वळवाचा गडगडाट सुरू झाला की त्यातला एक तुकडा मोडून ती निखाऱ्यावर ठेवी, आणि घरभर तो कोरडा, किंचित गोडसर धूर फिरे. उरलेल्या जुन्या झावळ्या चर्चमध्ये परत जात, राखेच्या बुधवारच्या राखेसाठी. तिला बोनिफेस माहीत नव्हता. पण पान पायदळी आलं तर ती पाठीत धपाटा घालायची. आपली ‘ओढाताण’ तिला ऐकवायला हवी होती.

मारियामातेच्या फुलांच्या नावांबद्दलचे, चित्रांबद्दलचे आणि शीर्षकाबद्दलचे आपले आक्षेप किरकोळ आहेत. त्यांत मी वेळ घालवत नाही. पुढचा लेख दोंरेमीच्या साक्षींवर येतो आहे. त्याखाली लिहायचं असेल तर नावानिशी लिहा.