शपथेतला देव आणि वॉर्डातला पेशंट

मृतदेहाचं विच्छेदन केलेल्या वैद्यकीय विद्यार्थ्यानं देव मानला तर त्याचं शिक्षण वाया गेलं, असं एका लेखात वाचलं. मी नास्तिक डॉक्टर आहे, तरी मला हे अजिबात पटत नाही.

डॉक्टरांमध्ये ज्या प्राचीन ग्रीक वैद्य हिप्पोक्रॅटिसच्या शपथेचा एवढा मान, तिची सुरुवातच अपोलो आणि अस्क्लेपियस या देवांना साक्षी ठेवून होते. डॉक्टरांसाठीच्याच १९४८च्या आधुनिक जिनिव्हा शपथेत देव नाही, पण पेशंटचा धर्म उपचारांच्या आड येऊ देणार नाही असं वचन आहे. मला तेच महत्त्वाचं वाटतं. माझ्या बॅचला परीक्षेआधी गणपतीला जाणारे होते, रोजे ठेवून नाइट ड्युटी करणारेही होते. निदान करताना त्यांची श्रद्धा कधी मध्ये आली नाही.

डॉ. नरेंद्र दाभोलकर मिरजेला एमबीबीएस झाले. देवाधर्माला विरोध नाही, अंधश्रद्धेतून होणाऱ्या शोषणाला आहे, हे ते आयुष्यभर सांगत राहिले. २०१३ साली त्यांच्या हत्येनंतर आलेल्या जादूटोणाविरोधी कायद्यातही पूजा-अर्चेला बंदी नाही. साप, विंचू किंवा कुत्रा चावलेल्याला उपचारांपासून रोखून मंत्रतंत्र, गंडेदोरे करणं हा मात्र गुन्हा आहे. हे कलम किती इंटर्नना माहीत असतं? सर्पदंशाचा पेशंट मांत्रिकाकडे वेळ घालवून येतो, तेव्हा नातेवाइकांना 'अडाणी' म्हणून झापणारे ज्युनिअर मी पाहिलेत. तसं झापलं की पुढच्या वेळी ती माणसं आणखी उशिरा येतात.