२४ विरुद्ध १०८

सासुरवाडीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर सध्या माझा एक फोटो फिरतोय. डावा डोळा मिटलेला, जीभ दातांत धरलेली, हातात नवा कोरा कॅमेरा. खाली ओळ : ‘जावईबापू कॅमेरा शिकताना.’ त्यावर एकोणतीस अंगठे आणि मेव्हणीची विचारणा, ‘कसला क्लिअर आलाय! मामा, मोबाइल कुठला?’

साठेक हजार माझे गेले. कौतुक मोबाइलचं.

कॅमेरा घेतला शनिवारी. दुकानातला पोरगा मेमरी कार्ड, बॅग, ट्रायपॉड असा कॉम्बो गळ्यात मारायला बघत होता. मी बाणेदारपणे म्हटलं, ‘फक्त कॅमेरा.’ बाकीचं ऑनलाइन स्वस्त पडतं, एवढं आम्हालाही कळतं. ‘ठीक आहे सर,’ म्हणताना तो किंचित हसला. त्या हसण्याचा अर्थ मला रविवारी कळला.

रविवारी खोकं उघडायला बसलो तर बायकोचे सांगलीचे मामा पोह्यांची बशी घेऊन समोर हजर. मामा एसटीतून कंट्रोलर म्हणून निवृत्त झालेत. डोळ्यांसमोर काहीही निघायचं असलं, की ते वेळेवर निघतंय ना, हे त्यांना बघावंच लागतं.

आधी पट्टा. दोन कड्या, दोन बक्कलं आणि पुस्तिकेत एक चित्र, ज्यात पट्टा एकाच वेळी आत जातो आणि बाहेर येतो. लेंग्याची नाडी ओवायला निदान सेफ्टी पिन तरी चालते. मग बॅटरी, चार्जिंगला दोन तास. चार्जरचा नारिंगी दिवा मामा दर दहा मिनिटांनी बघून येत आणि जाहीर करत, “गाडी अजून फलाटाला लागली नाही.”

मग मुख्य चौकशी.

“किती मेगापिक्सेल?”

“२४.”

मामांनी बशी खाली ठेवली. “माझ्याला १०८ आहेत.” आवाजात फुशारकी असती तर चाललं असतं. कणव होती.

मी समजावायला गेलो, तिथेच चुकलो. “आकड्यावर जाऊ नका मामा. यातला सेन्सर, म्हणजे उजेड टिपणारी पट्टी, साधारण २३ बाय १५ मिलिमीटरचा आहे. तुमचा करंगळीच्या नखाएवढा. आणि तुमचा मोबाइल त्यावरचे नऊ-नऊ ठिपके, म्हणजे पिक्सेल, एकत्र करून एकाचं काम करून घेतो. १०८ भागिले नऊ, म्हणजे एरवी फोटो येतो तो बाराचाच.”

मामा विचारात पडले. “नऊ जण एका कामाला?”

“हो.”

“आणि तुमच्यात एकटाच?”

“एकटाच. पण मोठा आहे, त्याला उजेड जास्त मिळतो.”

“आणि तो आजारी पडला तर? बदली कोण?”

याला उत्तर नव्हतं. आजही नाही. रात्री झोप लागेना तेव्हा मी खरंच त्या एकट्या पिक्सेलचा विचार करत होतो.

दुपारी बॅटरी चार्ज झाली. मामांनी सगळ्यांना गॅलरीत उभं केलं. “पुढे सरका, पुढे सरका, मागून माणसं येतायत!” मी खटाखट चाळीसेक फोटो काढले. ३६ फोटोंचा रोल दिवाळी ते गणपती पुरवून वापरणाऱ्या घरात मी वाढलोय. चाळीस फोटो म्हणजे चैनच. प्रत्येक फोटो मागच्या पडद्यावर दिसत होता. सासूबाई म्हणाल्या, “बारीक दिसतेय हो मी यात.” कोपऱ्यात ‘डेमो’ असं काहीतरी लिहून येत होतं. मला वाटलं, मोडचं नाव असेल.

संध्याकाळी फोटो लॅपटॉपवर घ्यायला झाकण उघडलं, तर आत कार्डच नाही. खाच कोरी, ताबा मिळालेल्या फ्लॅटसारखी.

काही कॅमेऱ्यांत कार्ड नसतानाही खटका उडू द्यायची सोय असते. फोटो क्षणभर दाखवायचा आणि विसरून जायचं. ही सोय कोणाच्या सोयीसाठी, ते कळत नाही. पंखा घेतला तर पाती वेगळी घ्या, असं कोणी म्हणतं का? मग साठ हजारांच्या खोक्यात पाचशेचं कार्ड टाकायला कोणाचे हात दुखतात? आणि पुस्तिका भाराभर भाषांत, त्यात मराठी नाही. १९७५ साली कोडॅकमधल्या स्टीव्हन सॅसनने पहिला डिजिटल कॅमेरा बनवला. ०.०१ मेगापिक्सेल, एक फोटो साठवायला २३ सेकंद, आणि तो उतरायचा कॅसेटवर. पण कॅसेट होती! घालायला तो विसरला नव्हता.

माझा तो डोळा मिटलेला फोटो मामांनी याच गडबडीत, पट्टा ओवताना टिपला. त्यांच्या मोबाइलात साठवायला जागा होती.

कार्ड मंगळवारी आलं. मामा सोमवारीच पहाटेच्या गाडीने सांगलीला गेले. काल रात्री त्यांचा फोन.

“जावईबापू, ते गॅलरीतले फोटो अजून आले नाहीत. ताईपण विचारत होती, तिचा बारीक आलेला.”

“एडिटिंग चालू आहे, मामा.”

“किती लागेल?”

“वेळ लागतो. एकटाच आहे ना तो.”

“तरी मी म्हणत होतो,” मामा म्हणाले, “बदली ठेवा.”