मिनिमम ड्यू भरून काशीयात्रा होत नाही

गेल्या रविवारी सांगलीहून मामांचा फोन आला. जिल्हा परिषदेच्या शाळेतून मुख्याध्यापक म्हणून निवृत्त झालेल्या मामांनी आयुष्यात कधी दुकानात उधारीची वही ठेवली नाही. त्यांनीच मला विचारले, “अगं, कोणती पाच क्रेडिट कार्डे घेऊ? तुझ्या मामीला काशीला विमानाने न्यायचे आहे.” त्यांच्या निवृत्त शिक्षकांच्या व्हॉट्सअ‍ॅप गटावर एक संदेश आला होता, आणि तोच संदेश त्या आठवड्यात मला आणखी दोन नातेवाइकांनी पाठवला होता. त्यातले सांगणे थोडक्यात असे : घरातला सगळा खर्च कार्डावर करा, किमान पाच कार्डे घ्या, बिलाची फक्त किमान रक्कम भरून उरलेला पैसा मुदत ठेवीत गुंतवा, घरातल्याच माणसाला भाडे दिल्याचे दाखवून पैसे फिरवत राहा, कार्डावरच्या खर्चासाठी बँकेने बक्षीस म्हणून दिलेले पॉइंट पाच वर्षे साठवा, आणि मग प्रवास आयुष्यभर फुकट. शेवटी ‘बँका हे कधीच सांगणार नाहीत, म्हणून पुढे पाठवा’ अशी पुस्ती जोडलेली आहे.

मी स्वतः अनेक वर्षे क्रेडिट कार्ड वापरते आणि पॉइंटांवर दोनदा विमानाचे तिकीट काढले आहे, त्यामुळे ही कल्पनाच खोटी आहे असे मी म्हणणार नाही. पण या संदेशातला एक सल्ला इतका घातक आहे की बाकीच्या मुद्द्यांआधी तोच घेतला पाहिजे.

तो सल्ला म्हणजे मिनिमम ड्यू, अर्थात बिलाची फक्त किमान रक्कम, भरण्याचा. संदेशाचे म्हणणे असे की पन्नास हजारांचे बिल आले तर अडीच हजार भरावेत, साडेसत्तेचाळीस हजार मुदत ठेवीत टाकावेत, म्हणजे ठेवीचे व्याजही मिळते आणि कार्डाचे पॉइंटही मिळतात. हा हिशेब ज्याने लिहिला त्याने कार्डाच्या बिलाची मागची बाजू कधी वाचलेली नाही, किंवा वाचूनही लपवली आहे. आपल्याकडील बहुतेक साध्या कार्डांवर थकीत रकमेचे व्याज महिन्याला साडेतीन ते पावणेचार टक्के, म्हणजे वर्षाला ४२ ते ४५ टक्के असते, आणि त्या व्याजावर पुन्हा १८ टक्के जीएसटी लागतो. पावणेचार टक्क्यांनी ४७,५०० रुपयांवर एका महिन्याचे व्याज १,७८१ रुपये होते आणि जीएसटी धरून ते २,१०० रुपयांच्या घरात जाते. आता दुसरी बाजू पाहू. तीच रक्कम ७ टक्क्यांच्या मुदत ठेवीत ठेवली तर महिन्याला साधारण २७७ रुपये मिळतात, आणि तेही करपात्र असतात. पन्नास हजारांच्या खरेदीवर पॉइंट अगदी एक टक्का मूल्याचे धरले, तरी ते पाचशे रुपयांचे होतात, आणि तेही एकदाच. म्हणजे पहिल्याच महिन्यात पावणेआठशे रुपये मिळवण्यासाठी एकवीसशे रुपये घालवायचे. दुसऱ्या महिन्यापासून पॉइंट नाहीत, व्याज मात्र चालूच.

यातला सर्वांत मोठा तोटा तर या आकड्यांतही दिसत नाही. भारतीय रिझर्व्ह बँकेने २१ एप्रिल २०२२ रोजी क्रेडिट आणि डेबिट कार्डांविषयीचे सविस्तर निर्देश काढले, जे १ जुलै २०२२ पासून लागू झाले. मागील बिलाची कोणतीही रक्कम थकीत राहिली तर बिनव्याजी मुदतीची सवलत संपते, ही गोष्ट ग्राहकाला स्पष्टपणे समजावून सांगितली पाहिजे, असे त्यात बँकांना बजावले आहे. दर महिन्याला फक्त किमान रक्कम भरत राहिल्यास परतफेड महिनोन्‌महिने किंवा वर्षानुवर्षे लांबते आणि चक्रवाढ व्याज भरावे लागते, असा इशारा बिलावर ठळकपणे छापण्याचे बंधनही त्याच निर्देशांनी घातले. याचा व्यवहारातला अर्थ असा की थकबाकी असताना उद्या किराणा भरला, औषधे घेतली किंवा विजेचे बिल भरले, तर त्या नव्या खर्चावरही खरेदीच्या दिवसापासून व्याज सुरू होते. ज्या पंचेचाळीस-पन्नास दिवसांच्या बिनव्याजी मुदतीच्या भरवशावर हा सगळा खेळ मांडला आहे, ती मुदतच पहिल्या किमान रकमेच्या हप्त्याबरोबर हातातून जाते. त्यामुळे ‘बँका हे सांगणार नाहीत’ हे विधानही खरे नाही. बँकेला हे सांगावेच लागते, आणि ते प्रत्येक बिलावर छापलेले असते.

कोणी म्हणेल, इतके व्याज कायद्याला कसे चालते? राष्ट्रीय ग्राहक आयोगाने २००८ मध्ये वर्षाला ३० टक्क्यांहून अधिक व्याज घेणे ही अनुचित व्यापारी प्रथा ठरवली होती. सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२४ मध्ये तो निर्णय रद्द केला. तेव्हा ‘अडचण आलीच तर ग्राहक मंचात जाऊ’ या भरवशावरही कोणी राहू नये.

हे मी कागदावरून शिकले नाही. माझ्या मावसभावाने चार वर्षांपूर्वी असाच सल्ला ऐकून एका बँकेच्या कार्डावर सहा महिने किमान रक्कम भरली. गोव्याच्या सहलीची दोन विमान तिकिटे पॉइंटांतून मिळाल्याचे त्याने घरात पेढे वाटून सांगितले होते. नंतर ते कार्ड मोकळे करण्यासाठी मावशीची मुदत ठेव मोडावी लागली. ती ठेव मावशीच्या गुडघ्याच्या शस्त्रक्रियेसाठी राखलेली होती आणि शस्त्रक्रिया वर्षभर पुढे गेली. मामांच्या तोंडून ‘मिनिमम ड्यू’ हे शब्द ऐकताच मला मावशीचा जिना चढतानाचा चेहरा आठवला, आणि म्हणूनच हे लिहायला बसले.

पैसे फिरवण्याचा सल्ला याच जातीचा आहे. पत्नीच्या किंवा भावाच्या नावाने घरभाडे दाखवून कार्डावरून पैसे पाठवायचे, ते परत आपल्या खात्यात घ्यायचे, त्यातूनच बिल भरायचे आणि पॉइंट खिशात टाकायचे, असे संदेश सांगतो. ही पळवाट बँकांना केव्हाच कळली आहे. २०२२ च्या अखेरीपासून एकामागून एक बँकांनी अशा भाड्याच्या व्यवहारावर एक टक्का शुल्क लावायला सुरुवात केली, अनेकांनी त्यावरचे पॉइंट बंद केले, आणि सप्टेंबर २०२५ मध्ये रिझर्व्ह बँकेने पेमेंट अ‍ॅग्रीगेटरांसाठी, म्हणजे ग्राहकाचे पैसे घेऊन समोरच्यापर्यंत पोचवणाऱ्या मध्यस्थ कंपन्यांसाठी, नवे निर्देश काढल्यानंतर मोठ्या अ‍ॅपनी कार्डावरून भाडे भरण्याची सोयच काढून घेतली. ओळखीच्या दुकानदाराकडे कार्ड स्वाइप करून रोख घेणारे आजही आहेत. दुकानदार त्यातून आपले दोन-अडीच टक्के कापून घेतो, आणि बँकेच्या लक्षात आले तर कार्ड व पॉइंट दोन्ही जातात. शिवाय एका आर्थिक वर्षात कार्डाच्या बिलापोटी दहा लाख रुपये किंवा अधिक भरले गेले, तर बँक ती माहिती आयकर खात्याला कळवते. वर्षाला चार-पाच लाख निवृत्तिवेतन मिळणाऱ्या माणसाने तेच पैसे गोल फिरवून बारा लाखांची बिले भरली, तर नोटिशीला उत्तर काय देणार? मामांसारख्या माणसाला त्या वयात आयकर कार्यालयाच्या नोटिशीची झोप उडवणारी भीती आपण का दाखवावी?

आता ‘सगळा खर्च कार्डावर’ या मुद्द्याकडे येते, कारण यातच अर्धे सत्य आहे आणि ते मान्य केले पाहिजे. जो माणूस तसाही होणारा खर्च कार्डावर करतो आणि देय तारखेला पूर्ण बिल भरतो, त्याला काहीतरी परत मिळतेच. प्रश्न किती मिळते हा आहे. साध्या कार्डावर दीडशे रुपयांना दोन पॉइंट आणि एका पॉइंटचे मूल्य पंचवीस पैसे, असा दर सर्रास आढळतो. म्हणजे शंभर रुपयांमागे सुमारे तेहतीस पैसे. महिन्याला पन्नास हजार, म्हणजे वर्षाला सहा लाख खर्च करणाऱ्याला या दराने दोन हजार रुपये मिळतात. चांगल्या कार्डावर एक टक्का धरला तर सहा हजार, आणि त्यातून वार्षिक शुल्क व त्यावरचा जीएसटी वजा करायचा. इंधन, सरकारी देयके, विमा अशा खर्चांवर अनेक कार्डे पॉइंट देत नाहीत किंवा मर्यादा घालतात. पॉइंट वटवतानाही काही बँका नव्याण्णव रुपये आणि जीएसटी घेतात. मी पुणे-नागपूर तिकीट पॉइंटांवर काढले तेव्हा मूळ भाडे पॉइंटांतून गेले, पण विमानतळ शुल्क आणि कर रोखच भरावे लागले. ती बचत खरी होती आणि मला तिचा आनंदही झाला, परंतु तिला फुकट प्रवास म्हणणे बरोबर नाही.

रेल्वेचे को-ब्रँडेड कार्ड, म्हणजे बँक आणि रेल्वे यांनी मिळून काढलेले कार्ड, हा याहून चांगला भाग आहे. वर्षातून आठ-दहा वेळा वातानुकूलित डब्याने जाणाऱ्याला त्यातून वार्षिक शुल्काहून अधिक पैसे सुटू शकतात. मात्र मोठी सवलत वातानुकूलित वर्गाच्या तिकिटांवर असते, हे शयनयान वर्गाने जाणाऱ्यांनी आधी पाहावे. मामांचा या संदेशावर विश्वास का बसला हेही मला कळते. रेल्वेत साठ वर्षांवरील पुरुषांना ४० टक्के आणि अठ्ठावन्न वर्षांवरील स्त्रियांना ५० टक्के सवलत होती, ती मार्च २०२० मध्ये थांबली आणि परत आली नाही. ती पोकळी भरून काढायला माणसे काहीतरी शोधतात, आणि त्यांच्या हातात असला संदेश पडतो.

पाच कार्डांविषयी फार लिहिण्याची गरज नाही. प्रत्येक अर्जाची नोंद सिबिल अहवालात, म्हणजे आपल्या कर्जव्यवहारांच्या नोंदवहीत, होते, एकाच महिन्यात पाच अर्ज केले तर त्यातले आपली पत दाखवणारे गुणांकन खाली येते, आणि पाच देय तारखांपैकी एक चुकली तर विलंब शुल्क व व्याजात वर्षभराचे पॉइंट जातात. परदेशात कार्ड वापरल्यास साधारण साडेतीन टक्के चलन रूपांतर शुल्क आणि त्यावर जीएसटी लागतो, म्हणजे एक टक्का मिळवायला चार टक्के द्यायचे. विमानतळावरच्या लाऊंजचे म्हणाल, तर आता अनेक कार्डांवर मागील तिमाहीत ठरावीक खर्च केला असेल तरच तिथे प्रवेश मिळतो.

राहिला मुद्दा पॉइंट पाच वर्षे साठवण्याचा. संदेशात पॉइंटांना ‘प्रवासाची मुदत ठेव’ म्हटले आहे, आणि निवृत्त माणसाला हा शब्द भुलवतो. बँकेतल्या ठेवीला पाच लाख रुपयांपर्यंत विम्याचे संरक्षण असते. पॉइंटांना कोणतेच नसते. पुष्कळ कार्डांचे पॉइंट दोन-तीन वर्षांत बाद होतात, आणि त्याआधीही त्यांचे मूल्य बँक बदलू शकते. अ‍ॅक्सिस बँकेच्या मॅग्नस कार्डावर महिन्याला एक लाख रुपये खर्च केल्यास पंचवीस हजार जादा पॉइंट मिळत असत, आणि पाच पॉइंटांचे विमान कंपनीचे चार पॉइंट होत. १ सप्टेंबर २०२३ पासून ते जादा पॉइंट बंद झाले आणि पाचाचे दोनच होऊ लागले. जेट एअरवेजचे विमान १७ एप्रिल २०१९ रोजी शेवटचे उडाले. त्या कंपनीच्या तिकिटासाठी माइल्स, म्हणजे विमान कंपनीचे पॉइंट, साठवणाऱ्यांचा हिशेब पुढे दुसऱ्या नावाने चालू राहिला, पण ज्या विमानात बसायचे होते तेच उरले नाही. म्हणून पॉइंट जमले की ते लवकर वापरून टाकावेत. साठवणे हा त्यांचा उपयोग नव्हे.

मामांना मी एवढेच सुचवले की हवे तर वार्षिक शुल्क नसलेले एक कार्ड घ्या, बिलाची पूर्ण रक्कम खात्यातून आपोआप वळती करण्याची (ऑटो-डेबिटची) सूचना बँकेला द्या, आणि त्यावर फक्त वीज, मोबाइल आणि औषधांचा खर्च करा. काशीच्या तिकिटासाठी रेल्वेचे आरक्षण साठ दिवस आधी उघडते, त्या दिवशी सकाळी मी स्वतः बसून ते काढणार आहे.

त्यांच्या गटातल्या दोघा शिक्षकांनी मात्र संदेश वाचून आधीच कार्डे घेतली आहेत आणि एकाने पहिले बिल किमान रकमेनेच भरले आहे. त्यांनी त्या कार्डावरचा नवा खर्च आज थांबवावा, आणि ठेव मोडावी लागली तरी थकबाकी पूर्ण भरावी, कारण सात टक्के मिळवणाऱ्या ठेवीने पंचेचाळीस टक्क्यांचे कर्ज कधीच फिटत नाही. नंतर कार्ड नको असेल तर बंद करण्याचा लेखी अर्ज द्यावा. थकबाकी नसेल तर सात कामकाजाच्या दिवसांत कार्ड बंद करणे बँकेवर बंधनकारक आहे, आणि न केल्यास दिवसाला पाचशे रुपये ग्राहकाला द्यावे लागतात. ही तरतूद रिझर्व्ह बँकेच्या त्याच २०२२ च्या निर्देशांत आली, आणि अर्जाची पोच जपून ठेवली तर ती भरपाई मागता येते.